बॅम्प्टनची सकाळ: पांढरे रुमाल, नडगीवरचे घुंगरू

बॅम्प्टन हे ऑक्सफर्डच्या पश्चिमेला, टेम्सच्या सपाट खोऱ्यातलं गाव. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे मॉरिस नाच, म्हणजे इंग्लंडमधला जुना लोकनाच, असतो. सुट्टीमुळे बस कमी धावतात. आदल्या रात्री गावात किंवा जवळच्या विटनीत मुक्काम करावा आणि सकाळी नऊच्या आत गावात हिंडायला लागावं. दुपारी पबसमोर गर्दी होते, पण मला नाच कळतो तो सकाळी, घराघरांच्या बागांत. तिथे पावलं दिसतात आणि घुंगरांचा बारीक आवाजही ऐकू येतो.

पोशाख पांढरा: सदरा, विजार, डोक्यावर फिती आणि फुलं लावलेली गोल बोलर टोपी. घुंगरू मात्र आपल्या लावणीतल्या चाळांसारखे घोट्यावर नसतात. चामड्याच्या पट्ट्यांवर शिवून ते गुडघ्याखाली, नडगीवर बांधतात. पट्टा सैल राहिला तर तो घोट्यापर्यंत घसरतो आणि पाऊल टेकल्यावर घुंगरू उशिरा वाजतात. फार जवळजवळ शिवले तर एकमेकांना दाबतात, नाद बसका होतो. ओल्या हिरवळीवर आवाज मऊ येतो, डांबरी रस्त्यावर खणखणीत.

सहा जण, तिघांच्या दोन रांगा. पावलांचा मूळ धागा सोपा: उजवा, डावा, उजवा, उडी, मग डावा, उजवा, डावा, उडी. अवघड आहे ती उडी. फिडल (व्हायोलिन) वाजवणारा किंवा मेलोडियन (बटणांचा छोटा अकॉर्डियन) वाजवणारा घाई करू लागला की उडीला वेळच उरत नाही आणि सगळा नाच जमिनीला चिकटतो. चांगला वादक नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत वाजवतो.

कॉट्सवल्ड या आसपासच्या डोंगराळ भागातल्या इतर काही गावांत काठ्या आपटतात. बॅम्प्टनचा नाच रुमालांचा. प्रत्येक हातात एक. कापड सुतीच हवं, आणि झटका मनगटातून नव्हे तर पूर्ण हातातून यायला हवा, म्हणजे रुमाल उडीबरोबर वर उघडतो. 'हाफ-जिप' या चालीत समोरासमोरचे दोघे एकमेकांकडे तोंड ठेवून अर्धा फेरा घेतात आणि मागच्या पावलांनी जागेवर येतात. नवखे इथेच चुकतात: मागे जाताना पावलं लांब टाकतात आणि रांग वाकडी होते.

सोबत एक विदूषक असतो आणि तलवारीत खोचलेला केकचा डबा घेऊन फिरणारा माणूस. केकचा तुकडा शुभ मानतात. तो घ्यावा, दानपेटीत नाणी टाकावीत.

ऑक्सफर्डच्याच काठावरच्या हेडिंग्टन क्वारीत 26 डिसेंबर 1899 रोजी लोकसंगीताचे संग्राहक सेसिल शार्प यांनी विल्यम किंबर या वादकाच्या कॉन्सर्टिनावर (हातात धरायच्या छोट्या भात्याच्या वाद्यावर) असाच नाच पाहिला आणि पुढे इंग्लंडभरचे नाच टिपून ठेवले. बॅम्प्टनचे लोक तेव्हाही नाचत होते. आजही गावात एकाहून अधिक संघ निघतात, प्रत्येकाचा रस्ता वेगळा. एकाच संघाच्या मागे चालत राहा. चौथ्या-पाचव्या बागेपर्यंत नाचाच्या चाली ओळखू येऊ लागतात.