तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या अक्षरांवरून कसं कळतं?

परभणीत तुरीच्या आरएनएवर काम करतो म्हटलं की पाहुणेमंडळी बियाण्याचा भाव विचारतात. विद्यार्थी मात्र हमखास हे विचारतात: सर, प्रयोग न करता, संगणकावर नुसती अक्षरं बघून हा आरएनए प्रथिन बनवणार की नाही, हे कसं सांगता? (आरएनए म्हणजे जनुकाची पेशीतली नक्कल; त्याची अक्षरं चारच: A, U, G, C.)

देगलूरच्या एसटीत बसा. मागच्या सीटवर दोघं बोलत असतात. शब्द एक कळत नाही, पण तेलुगू आहे हे लगेच कळतं. कोणत्या आवाजामागे कोणता येतो, हे कानात बसलेलं असतं. संगणकाचा कान असाच तयार करतात. सहा-सहा अक्षरांचे 4096 तुकडे होऊ शकतात. प्रथिनाच्या मजकुरात त्यांतले कोणते जास्त येतात आणि इतरत्र कोणते, हे त्याला मोजायला लावायचं.

त्याआधी बिनथांब्याच्या रांगेची लांबी बघतात. तीन अक्षरांचा एक शब्द म्हणजे कोडॉन; तो प्रथिनात कोणतं अमिनो आम्ल जोडायचं ते सांगतो. 64 कोडॉनपैकी 3 ‘थांब’ सांगतात. अक्षरं नुसती उधळली, तर सरासरी दर 21 कोडॉनांनी थांबा येणार. सलग शंभर कोडॉन बिनथांब्याचे गेले, की संशय येतो. पण हजारो अक्षरांच्या आरएनएत अशी रांग नशिबानंही सापडते. म्हणून 2013 सालच्या सीपॅट या संगणक प्रोग्रॅममध्ये चार गोष्टी एकत्र तोलतात: रांगेची लांबी, तिनं आरएनएचा किती भाग व्यापलाय, फिकेटचा गुण (कोणतं अक्षर कोणत्या जागी किती येतं, त्याचा) आणि ते सहा अक्षरी तुकडे. शेवटी एक आकडा येतो. माणसासाठी 0.364 च्या वर गेला, तर प्रथिनवाला.

माणसासाठी! मी सुरुवातीला तेच मॉडेल तुरीला लावलं. तक्ता देखणा झाला आणि सगळा उन्हाळा वाया गेला. मग तुरीच्याच ओळखीच्या जनुकांवर नव्यानं शिकवलं.

तरी लहानग्या प्रथिनांची पंचाईत राहतेच; त्यांची रांगच आखूड असते. फळमाशीतलं टार्सल-लेस जनुक आधी प्रथिन न बनवणारं समजलं जायचं. 2007 मध्ये कळलं, ते अवघ्या 11 अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे चिमुकली प्रथिनं, बनवतं. 2015 मध्ये स्नायूंतलं 46 अमिनो आम्लांचं मायोरेग्युलिन अशाच एका ‘नॉनकोडिंग’ आरएनएत निघालं. (आणि नॉनकोडिंग म्हणजे बिनकामाचा, हे डोक्यातून काढा. झिस्ट नावाचा आरएनए प्रथिन न बनवताच सस्तन प्राण्यांच्या मादीतलं एक एक्स गुणसूत्र गप्प बसवतो.)

म्हणून माझ्या तक्त्यात आता तिसरा रकाना असतो: ‘सांगता येत नाही’. आमच्या मॅडमना तो अजिबात आवडत नाही.