ताप उतरला म्हणून लगेच धावू नका रे पोरांनो

आमच्या मोठ्या काकाचा पोरगा, वय २२, पोलीस भरतीची तयारी करतो. आमच्याकडे गावोगावी असे पोरं आहेत, पहाटे पाचला डांबरी सडकेवर धावताना दिसतात, १६०० मीटर किती मिनिटात होते हेच दिवसरात्र डोक्यात. सप्टेंबरमध्ये याला ताप आला, अंगदुखी, जुलाब, पण तेव्हा अर्धं गाव तापानं फणफणत होतं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. तालुक्याला एका दवाखान्यात सलाईन लावली, इंजेक्शन दिलं, व्हायरल आहे म्हणून घरी पाठवलं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी हा परत सडकेवर.

दोन दिवसांनी धावता धावता छातीत दुखायला लागलं, दम लागला, धुऱ्यावरच बसला. ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढते ते) वाढलेलं, सगळे म्हणाले अटॅक. रात्रीच गाडी करून नागपूरला नेलं, अँजिओग्राफी झाली आणि हृदयाच्या रक्ताच्या नळ्या एकदम साफ! काका तिथंच भिंतीला टेकून म्हणे, "नळ्या साफ हायत तं मंग माह्या पोराले झालं काय?"

मायोकार्डायटिस. म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच सूज. ते एमआरआयमध्ये दिसलं, स्नायूत पाणी कुठं साचलं, इजा कुठं झाली ते त्यात कळते. अटॅकमध्ये इजा आतल्या थरापासून सुरू होते, याच्यात बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला असते. हे कसं ओळखायचं त्याचे निकष २००९ मध्ये ठरले आणि २०१८ मध्ये सुधारले, कॅनडातल्या लेक लुईसचं नाव आहे त्यांना. म्हणजे आपल्या पोराचं निदान ज्याच्यावर झालं ते एवढं अलीकडचं आहे, हे वाचून मला खरंच भरून आलं.

मग मी रोज रात्री वाचत बसलो. या आजारावर सगळ्यात जास्त अभ्यास झालेला विषाणू म्हणजे कॉक्सॅकी बी. कॉक्सॅकी हे अमेरिकेत हडसन नदीकाठचं एक लहान गाव, तिथल्या दोन आजारी लेकरांच्या शौचाच्या नमुन्यातून डॅलडॉर्फ आणि सिकल्स यांनी १९४८ मध्ये या जातीचा विषाणू शोधला. घाण हातातून, पाण्यातून पोटात जातो. आमच्या पोराला नेमका कोणता विषाणू होता ते काही कळलं नाही, पण हा कॉक्सॅकी हृदयात काय करतो ते वाचून अंगावर काटा आला. स्नायूच्या पेशीवर एक प्रथिन असते त्याला धरून आत शिरतो, आणि आत गेल्यावर डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन कापतो, जे पेशीला आकुंचन-प्रसरणात फाटू देत नाही. हे १९९९ मध्ये सापडलं. आणि एवढ्यावर थांबत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती विषाणूला मारायला धावते आणि कधी कधी विषाणू संपल्यावरही थांबत नाही, चांगल्या स्नायूलाच मारत राहते.

काकानं डॉक्टरांना विचारलं होतं, "सूज हाय तं सुजीची गोळी काहून नाई देत जी?" मलाही तेच वाटत होतं. पण १९९५ मध्ये अमेरिकेत १११ पेशंटवर प्रयोग झाला, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, काही फायदा दिसला नाही. नंतर २००९ मध्ये इटलीत ८५ पेशंटवर झाला, त्यात आधी हृदयाचा बारीक तुकडा काढून बघितला आणि ज्यांच्यात विषाणू नव्हता पण सूज टिकून होती अशांनाच औषध दिलं, तर बहुतेकांचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलते ते, सुधारलं. म्हणजे विषाणू अजून आत आहे की नुसती सूज राहिली हे कळल्याशिवाय अशी गोळी द्यायची तरी कशी? शिरेतून चिमटा घालून तुकडा काढायची ही पद्धत जपानात १९६२ पासूनची, पण आमच्याकडे हे सगळं कुठं होते. याचं पंपिंग ४५ टक्के होतं, ठोके ठीक होते, म्हणून डॉक्टरांनी तुकडा काढला नाही. हृदयाला आधाराच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं आराम.

आता मुख्य गोष्ट, जी मला सगळ्या भरतीवाल्या पोरांना सांगायची आहे. १९७० मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी उंदरांना कॉक्सॅकी विषाणू दिला आणि त्यातल्या काहींना रोज पाण्यात पोहायला लावलं. पोहणाऱ्या उंदरांच्या हृदयात विषाणू कितीतरी जास्त वाढला, आणि त्यातले मेलेही जास्त. ते वाचलं तेव्हा मला आमचा पोरगा दिसला, पाचव्या दिवशी सडकेवर. त्या धावण्यानंच झालं असं कोणी सांगू शकत नाही, पण तापात आणि ताप गेल्यावर लगेच छाती फुटेस्तोवर धावायचं नाही हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. छातीत दुखलं, धडधड वाढली, चक्कर आली, नेहमीपेक्षा लवकर दम लागला तर तिथंच थांबा आणि ईसीजी काढा. वय २२ आहे म्हणून घरी पाठवत असतील तरी हट्ट करा.

त्याला सहा महिने धावायचं नाही, जड उचलायचं नाही. आणि हे ऐन सोयाबीन सोंगणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत. तरणाताठा पोरगा घरी बसून आहे म्हणून लोक बोलले, काकूनं ऐकून घेतलं, पण एक गाठोडं उचलू दिलं नाही त्याला. "भरती पुढच्या साली बी निंघन," म्हणे.

दिवाळीनंतरच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ५५ आलं. एमआरआय परत मार्चमध्ये आहे, तोवर पहाटे सडकेवर जातो, पुलावर बसून बाकीच्या पोरांचा टाइम लावतो. परवा त्यातला एक सर्दी-ताप घेऊन आला होता, याने त्याला धावू दिलं नाही, गाडीवर बसवून घरी सोडून आला.