अंकलीची दुपार

माघवारीला आमची दिंडी येळ्ळूरहून निघते. आषाढीचा चिखल नाही, पाऊस नाही. पहाटेची बोचरी थंडी, रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर आणि दोन्ही अंगाला तोडणीला आलेला ऊस. यंदाची माझी 15वी वारी. त्यातल्या शेवटच्या 6 वाऱ्या साखर घेऊन केल्या आणि गेल्या 2 असले पाय घेऊन.

असले म्हणजे कसले, हे मला घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. रात्री आडवं झालं की तळव्यांना मिरचीची पूड चोळल्यासारखी आग होते, पांघरुणाचा काठ लागला तरी सोसत नाही. आणि त्याच तळव्याखाली दिवसा खडा आला तर पत्ता लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा दोरा त्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवत होत्या, लागला की सांगायचं. मी वाट बघत बसलो. डोळे उघडले तर त्या दोरा डबीत ठेवत होत्या. "आग होते तिथं खरं काही जळत नसतं," त्या म्हणाल्या, "आणि खरंच जळेल तेव्हा ही नस तुम्हाला सांगणार नाही." इतकी वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतोय, त्यानं बी 12 जीवनसत्त्व उतरू शकतं म्हणून ते तपासलं, तेही कमी निघालं. त्याची इंजेक्शनं झाली. आगीसाठी रात्री प्रीगाबालिन सुरू केलं.

वारीला त्या नाही म्हणाल्या नाहीत, पण अटी घातल्या. अनवाणी एक पाऊलही नाही, मुक्कामात परसाकडेला जातानासुद्धा नाही. बोटांना ऐसपैस जागा असलेले बूट, आत एमसीआरचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा तळ. मोजे पांढरेच, म्हणजे रक्त आलं तर दिसेल. बूट घालायच्या आधी आत हात फिरवायचा. रात्री आरशात तळवे बघायचे. चालण्यानं साखर उतरते म्हणून ग्लिमेपिराइड हे साखरेचं दुसरं औषध निम्म्यावर आणलं आणि साखरेच्या पुड्या कायम खिशात ठेवायला सांगितल्या.

काकती, हत्तरगी झालं, संकेश्वरला हिरण्यकेशीकाठी मुक्काम पडला. तिथं शेकोटीला सगळे पाय पसरून बसले आणि मी मागं, घोंगडी गुंडाळून. गेल्या साली अशाच शेकोटीला माझी टाच भाजली होती. जळक्या मोज्याचा वास आला तेव्हा मला कळलं.

पहाटे काकड्याला उठलो तर रात्रीच्या गोळीनं डोकं जड आणि तोल जात होता. मांडवाच्या कडेपर्यंत बूट घालून आलो. एक वयस्कर बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "विण्याच्या पाया पडायला बूट घालून येतात होय? देवावर एवढा पण भरोसा नाही?" मला संताप आला. पाय माझे, आग माझी, आणि माझी श्रद्धा हे मोजणार! दिवसभर दिंडीच्या अगदी शेवटी चाललो, तोंडातून देवाचं नाव काढलं नाही. दुपारी उतारावर पाऊली सुरू झाली, पखवाज घुमला आणि माझे हात आपोआप वर गेले. डोळे वाहत होते. कशानं ते मी स्वतःला विचारलंही नाही.

चिकोडी सोडली त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर घाई झाली. टाळ वाजले, लोक उठले, मी बसल्या जागी बुटात पाय घातले. आत हात फिरवला नाही. तेवढंच चुकलं.

अंकलीच्या अलीकडं रस्त्यालगतच्या घरांपुढं बायका घंगाळं मांडून बसल्या होत्या. वारकऱ्यांचे पाय धुवायचे, तेल लावायचं, हळदकुंकू लावून पाया पडायचं. मी दरवर्षी हात जोडून पुढं जातो. गरम पाणी आणि बोटांच्या बेचक्यातलं तेल, दोन्ही मला चालत नाही. पण एक अज्जी उठून आडवी आली. "कुंदरी अण्णा." तिनं दंडाला धरून बाजल्यावर बसवलंच. मी माझ्या मोडक्या कन्नडात सांगितलं, शुगर ऐती, बिसि तिळियंगिल्ल. साखर आहे, गरम कळत नाही. मला वाटलं, सोडेल. तिनं माझ्याकडं बघितलं, पदर खोचला आणि स्वतःचं कोपर घंगाळात बुडवलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात ना, तसं. तांब्याभर गार पाणी ओतलं. पुन्हा कोपर. आणखी अर्धा तांब्या. मग तिसऱ्यांदा, आणि मान हलवली.

उजवा बूट तिनंच काढला. मोज्याचा चवडा लाल झाला होता. मी खाली बघायच्या आधी तिचं "अय्यो" ऐकू आलं. मोजा उतरवला तर अंगठ्याखाली फोड येऊन फुटलेला, कातडी एका बाजूला गोळा झालेली. बूट उपडा केला. डांबरी रस्त्याची खडी पडली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. दोन तास मी तिच्यावर चाललो होतो, गात चाललो होतो.

दुखत नव्हतं. त्याचीच भीती वाटली. अज्जीनं तेलाची वाटी बाजूला सारली, पाणी ओतून पाय धुतला आणि धुतलेल्या सुती लुगड्याच्या फडक्यानं एकेक बेचकं टिपून कोरडं केलं. जखमेला फडकं लावलं नाही. नातवाला गाडीवर मेडिकलला पिटाळलं. सलाईनची बाटली, गॉज, चिकटपट्टी आली. द्यायला पैसे काढले तर तिनं हात झटकला. तेवढ्यात मला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. घाईत जेवणही निम्मंच झालं होतं. खिशातल्या 3 पुड्या साखर पाण्यात ढवळून तिनंच पाजली, पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

टाळांचा आवाज उसाच्या पलीकडं जाऊन विरत गेला. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्या पायावर आता भार नको. मिरजेत आजच दाखवा. चालणं इथं थांबलं." मी अज्जीसमोर लहान पोरासारखा रडलो. तिला मराठी येत नव्हतं, मला पुरतं कन्नड सुचत नव्हतं. ती "इरली, इरली", असू दे, असू दे म्हणत राहिली.

निघताना तिनं एवढंच मागितलं, विठ्ठलाचा बुक्का.

सामानाच्या टेंपोतून मांजरीचा पूल ओलांडला, खाली कृष्णा. मिरजेत जखम साफ केली, पट्टी झाली, औषधं दिली. पुढचे दिवस तांदळाच्या पोत्यांवर बसून गेले. खिडकीतून दिंडीचं शेपूट दिसायचं. रात्री बुवांनी माझ्या शेजारीच अंथरूण टाकलं. बुटांबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. पण बॅटरी धरा म्हटल्यावर उठले आणि मी आरशात तळवा बघेपर्यंत धरून बसले.

पंढरपूर आलं. कळसाचं दर्शन घेतलं.

येताना टेंपो अंकलीला थांबवला. अज्जी दारातच शेंगा निवडत बसली होती. मी बुक्क्याची पुडी पुढं केली. ती तिनं घेतली नाही. आधी बाजलं ओढलं आणि माझ्या बुटाकडं बोट केलं, पाय दाखवा म्हणून.

"काल तोरसरी."