डिस्क ट्रेमध्ये टाका, बाकी बघतो : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा. व्हीएचएस कॅसेट गेली, व्हीसीडी आली, तीही जाऊन डीव्हीडी आली. आता गिऱ्हाईक तीच डिस्क घेऊन परत येतं, कारण ती लावायला घरात प्लेअर उरलेला नाही आणि नव्या लॅपटॉपला ट्रेच नसतो. त्यातून बॅकअपचा विभाग उभा राहिला, आणि त्या कामासाठी केलेलं आमचं छोटं सॉफ्टवेअर आता ओळखीचे इतर स्टुडिओही वापरतात. त्याच्या पोटातली खरी मेहनत डीडीरेस्क्यू (खराब डिस्क वाचणारं), एफएफएमपेग (व्हिडिओचं रूपांतर करणारं) आणि व्हीसीडीइमेजर (व्हीसीडीवरचं चित्रण काढणारं) ही मोफत मिळणारी साधनं करतात. वरची सोय तेवढी आमची, आणि ती जवळजवळ सगळी वापरणाऱ्यांच्या सूचनांतून आली.

पहिली सूचना नावाची होती. स्टुडिओतून राइट झालेल्या निम्म्याअधिक डिस्कांचं लेबल ‘डीव्हीडी’ किंवा ‘न्यू’ असंच असतं. दुसरी डिस्क टाकली की त्याच नावाची फाइल तयार होते आणि पहिली पुसली जाते. आता ट्रे बंद होताच आडनाव, प्रसंग आणि वर्ष विचारलं जातं. साखरपुडा, हळद, लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण ही यादी तयारच आहे, आणि तीन डिस्कांचा संच असेल तर क्रमांक आपोआप पुढे सरकतो. नाव देवनागरीत दिसतं, पण फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवतो. जुन्या टीव्हीवर देवनागरी नावाच्या जागी चौकोन उमटतात.

दुसरी सूचना जागेची. पूर्ण भरलेली डीव्हीडी 4.7 जीबीची, म्हणजे संगणकाच्या हिशेबात 4.37. तिची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, एफएटी32 या जुन्या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर बसत नाही, कारण तिथे एका फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे. पेनड्राइव्ह 32 जीबीचा रिकामा असला तरी कॉपी शेवटच्या टप्प्यात अडकते आणि दोष डिस्कला दिला जातो. म्हणून सुरुवातीलाच मोकळी जागा आणि पेनड्राइव्हचा फॉरमॅट दोन्ही तपासले जातात. एक्सफॅट हा नवा फॉरमॅट केला तर मर्यादा सुटते, पण जुना टीव्ही एक्सफॅट वाचेलच असं नाही. तिथे डिस्कवरच्या व्हीओबी (चित्रणाच्या) फाइली तशाच ठेवाव्यात, त्या मुळातच 1 जीबीच्या आत तुकडे केलेल्या असतात.

सगळ्यात जास्त घासाघीस झाली ती ओरखडलेल्या डिस्कांवर. लोकांची मागणी एकच : ‘अडकली की पुढे जाऊ दे.’ मागणी बरोबर आहे, पण पुढे कसं जायचं हे डिस्कच्या रचनेवर ठरतं. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा वाचण्याचा छोटा तुकडा; डीव्हीडीवर चूकदुरुस्तीचा गठ्ठा 16 सेक्टरचा, 32 केबीचा असतो. गठ्ठ्यातला एक सेक्टर वाचता येत नसेल तर बहुतेक वेळा अख्खा गठ्ठाच गेलेला असतो, म्हणून पहिल्या फेरीत एकेका सेक्टरशी झगडणं म्हणजे ड्राइव्ह झिजवणं. आमचा क्रम असा : पहिल्या फेरीत खराब भाग ओलांडून चांगला तेवढा उचलायचा. मग डिस्क मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही, कारण ट्रॅकच्या दिशेने पडलेला ओरखडा जास्त घातक. टूथपेस्ट तर मुळीच नको. दुसरी फेरी सावकाश, ड्राइव्हच्या 4x वेगाने. पूर्ण डिस्कला साधारण 14 मिनिटं लागतील, पण आता फक्त राहिलेले तुकडेच वाचायचे असतात. तरीही काही उरलं तर डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालायची. कुठला भाग आला आणि कुठला नाही याचा नकाशा डीडीरेस्क्यू स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे दुसरा ड्राइव्ह नेमका तिथूनच काम उचलतो. हा नकाशा आपोआप जपणं आणि तीच डिस्क पुन्हा टाकली की ओळखणं, एवढ्या एका सोयीने सगळ्यात जास्त लग्नं वाचली आहेत.

त्यानंतरही न आलेल्या जागी शून्यं भरली जातात. अशा वेळी पडद्यावर ‘पूर्ण झाले’ एवढंच लिहिणं आम्हाला पटत नाही. 32 केबी म्हणजे सेकंदाचा किरकोळ अंश, पण एमपेग-2 मध्ये, म्हणजे डीव्हीडीवरच्या व्हिडिओच्या साठवणपद्धतीत, चित्रं गटागटाने साठवलेली असतात, त्यामुळे पडद्यावर अर्ध्या सेकंदापर्यंत चौकोन उडतात. अहवालात सेक्टरचा आकडा न देता वेळ दिली जाते : ‘41 मिनिटे 12 सेकंद, चित्र फुटेल.’ गिऱ्हाईकाला ती वेळ पाहून ठरवता येतं की तिथे मंगलाष्टकं आहेत की पंगत.

व्हीसीडीची गोष्ट निराळी. तिच्यावरच्या व्हिडिओ सेक्टरमध्ये 2324 बाइट असतात, पण साध्या डेटा सीडीला असतो तो चूकदुरुस्तीचा जादा थर नसतो. म्हणून एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डीएटी ही चित्रणाची फाइल ओढून कॉपी करताना चूक आली की विंडोज हात वर करतं. तिथे व्हीसीडीइमेजर वापरावं लागतं. शिवाय सीडीचा डेटा लेबलच्या लगेच खाली असतो. वरचा स्टिकर सोलायला जाऊ नका, चकाकणारा थरही सोबत येतो. डीव्हीडीत डेटा दोन 0.6 मिमीच्या थरांच्या मध्ये असल्याने ती याबाबत सोशिक आहे.

रूपांतराच्या सूचनांपैकी आम्ही दोन जशाच्या तशा घेतल्या. एक, व्हीओबी फाइली नुसत्या जोडायच्या नाहीत; डिस्कवरची आयएफओ ही क्रम सांगणारी फाइल वाचून त्यातला क्रम पाळायचा, नाहीतर जोडावर वेळेचे आकडे पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि आवाज पुढेमागे होतो. दोन, जुन्या इंटरलेस्ड व्हिडिओत प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत, म्हणजे फील्डमध्ये, असतं; म्हणून पूर्ण रूपांतरापूर्वी दहा सेकंदांचा नमुना दोन्ही फील्ड-क्रमांनी काढून शेजारी शेजारी दाखवायचा. डीव्ही (डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्याचा क्रम खालच्या फील्डपासून असतो. मिक्सिंगमध्ये तो उलटा पडला असेल तर वरातीतला नाच मागेपुढे हिसके खातो आणि स्थिर दृश्यात मात्र काही कळत नाही. म्हणून नमुना सर्वाधिक हालचालीच्या जागेवरून घेतला जातो. 25 इंटरलेस्ड चित्रांची 50 पूर्ण चित्रं केली की हालचाल मूळइतकीच सहज दिसते.

तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक : मेकएमकेव्ही हे डिस्कवरून व्हिडिओ काढणारं सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये 120 सेकंदांपेक्षा छोटे टायटल (डिस्कवरचे स्वतंत्र व्हिडिओ) वगळतं. वाढदिवसाची दीड मिनिटाची क्लिप वेगळं टायटल असेल तर ती यादीत येणारच नाही. घरगुती डिस्कसाठी ही मर्यादा आधी खाली आणा.

नाकारलेल्या सूचनाही सांगायला हव्यात. सिनेमाच्या डिस्कचं कुलूप तोडण्याची सोय आम्ही देत नाही. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम 65ए तिथे आडवं येतं. लग्नाच्या व्हिडिओला ती अडचण नाही : पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाराच असतो. ‘एमपी4 झाली की मूळ प्रत आपोआप पुसा’ ही मागणीही मान्य नाही. 1 टीबीच्या डिस्कवर भरलेल्या 200 डीव्हीडींच्या मूळ प्रती मावतात. तेवढी जागा आज कुणालाही परवडते, आणि पुढे चांगली रूपांतर पद्धत आली तर काम मूळ प्रतीवरूनच करावं लागणार.

सध्या हातात आहे ते फायनलाइज न केलेल्या, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर इतर यंत्रांना वाचता येतील अशा बंद न केलेल्या, 8 सेंमी डिस्कांचं काम. जुन्या हँडिकॅममधल्या या 1.4 जीबीच्या डिस्का संगणकाला कोऱ्या दिसतात. कॅमेरा चालू असेल तर त्यातच फायनलाइज करणं उत्तम, नसेल तर आयसोबस्टर या डिस्कमधला डेटा शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने आतलं चित्रण शोधता येतं. पुढच्या आवृत्तीत ‘डिस्क रिकामी आहे’ या संदेशाच्या जागी हेच दोन पर्याय दिसतील. सोबत एक इशाराही : ही डिस्क स्लॉटमध्ये ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकते, ट्रेच्या मधल्या छोट्या खाचेतच बसवा.