ब्लायनॅव्हनची खदान बघायची तर ब्लोरेंजच्या वाटेने जाऊ नका

आधीच सांगतो. वेल्समधल्या ब्लायनॅव्हन गावाची बिग पिट ही जुनी कोळशाची खदान बघायची असेल तर न्यूपोर्टहून एक्स २४ बस पकडा. क्वम्ब्रान, पाँटीपूल करत ती थेट गावात सोडते. ॲबरगव्हेनी स्टेशनला उतरून ब्लोरेंज डोंगर ओलांडत जाणं हा स्वतंत्र दिवसाचा कार्यक्रम आहे. आम्ही जिथे मुक्कामाला होतो तिथल्या बाईंनी मात्र "तासाभराची चढण, लहान पोरंही चढतात" म्हणून आम्हाला त्या वाटेला लावलं. त्या स्वतः चढल्या असतील यावर माझा विश्वास नाही.

ब्लोरेंजची उंची ५६१ मीटर. सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही, म्हणून हसू येतं. पण सिंहगड मोजायचा समुद्रापासून आणि चढायचा आतकरवाडीपासून. इथे अस्क नदीच्या पुलावर तुम्ही शंभर मीटरच्याही खाली असता. म्हणजे चढ जवळपास आतकरवाडीच्या तोडीचा, आणि वाटेत ताक-दही विकणारं कुणी नाही.

पायथ्याच्या लॅनफॉइस्ट गावातल्या चर्चवरून वर गेलं की कालव्याखालचा एक बुटका, ओला बोगदा लागतो. त्यातून बाहेर पडलात की खरी परीक्षा. ही वाट माणसांसाठी कुणी केलेलीच नाही. १८२० च्या सुमारास ब्लायनॅव्हनचं लोखंड कालव्यातल्या बोटींपर्यंत उतरवायला इथे ट्रामचे रूळ टाकले होते. भरलेल्या वाघिणी खाली घसरायच्या आणि त्यांच्या ओढीने रिकाम्या वर यायच्या. वाघिणीला वळण कशाला हवं? त्यामुळे वाट नाकासमोर सरळ वर जाते. ऑक्टोबरात बीच नावाच्या झाडांची पानं घोट्यापर्यंत साचलेली, खाली ओली मुळं आणि मध्येमध्ये रुळांखालचे जुने दगड. एका दगडाच्या मधोमध खिळ्यासाठी पाडलेलं गोल भोक तसंच होतं. त्यात पावसाचं पाणी, पाण्यात एक पान. दगडाच्या कडा झिजून साबणासारख्या गुळगुळीत. माझा पाय त्याच्याच पुढच्या दगडावरून सटकला.

झाडीमुळे मागे दरी दिसत नाही, पुढे माथा दिसत नाही. किती उरलं याचा अंदाजच येत नाही आणि तेच जास्त छळतं. बरोबरचा मित्र चांद्याचा, वडील वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खदानीत होते. तो एका खोडाला टेकला आणि म्हणाला, "काबे, ह्याले टेकडी म्हन्ते का हे लोकं?" झाडी संपल्यावर सुटलो असं वाटतं, तर पुढे नेच्यांतून त्याहून तीव्र चढ. ओल्या नेच्यांनी पँट मांडीपर्यंत भिजली. चांगल्या पकडीचे बूट नसतील तर इथे येऊच नका. आणि पावसानंतर या वाटेने उतरायचं तर अजिबातच नाही.

माथ्यावर दगडांचा ढीग, सपाट दलदल, धुकं आणि वारा. तिथे एक कुटुंब हातात कॉफीचे कप घेऊन उभं. ही मंडळी पलीकडे फॉक्सहंटरच्या वाहनतळावर गाडी लावून अर्ध्या तासात चालत आली होती! गाडी असेल तर तुम्हीही तेच करा. फॉक्सहंटर हा घोडा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला मिळालेल्या एकुलत्या एका सुवर्णपदकात त्याचा वाटा होता, त्याचं स्मारक तिथेच आहे. आपले खाशाबा जाधव कांस्यपदक घेऊन आले ते याच ऑलिंपिकमधून. त्यांच्या नावाचा वाहनतळ कुठे असल्याचं मला माहीत नाही.

पुढे कीपर्स पाँड या तळ्यावरून गावापर्यंत उतार. गाड्या सुसाट येतात, सांभाळून चाला.

गाव आव्हॉन लुइड नदीच्या खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. शंभर वर्षांपूर्वी इथे बारा हजारांवर वस्ती होती, आता जेमतेम सहा हजार. ब्रॉड स्ट्रीटवरून चालताना तो फरक दिसतो. जागतिक वारसा म्हणून २००० साली नाव लागलं म्हणून वेरूळसारखी गर्दी असेल असं समजू नका. खायचं असेल ते दुपारीच खाऊन घ्या. आणखी एक, खदान गावात नाही. ती खोऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, वीसेक मिनिटांच्या चढावर आहे. दमलेल्या पायांना ही वीस मिनिटं महाग पडतात.

पण बिग पिट बघाच. १९८० मध्ये कोळसा काढणं थांबलं आणि १९८३ मध्ये खदान लोकांसाठी उघडली. हे दृश्यांचं संग्रहालय नाही, खरोखर पिंजऱ्यातून ९० मीटर खाली नेतात. घड्याळ, मोबाइल, गाडीची बॅटरीवाली किल्ली, सगळं वर काढून ठेवावं लागतं, कारण खाली ठिणगी चालत नाही. डोक्यावर दिवा, कंबरेला बॅटरी आणि विषारी वायूतून जीव वाचवणारा डबा. तो डबा हातात घेऊन मित्र गप्प झाला, मग म्हणाला, "बाबा असाच लावून जायचे." आमच्याबरोबर आलेले वाटाडे स्वतः खाणकामगार होते. मित्राने वडिलांचं सांगितल्यावर बाकीची मंडळी बाजूला राहिली आणि या दोघांचंच पाळ्या, छत आणि पाणी यांवर सुरू झालं. खाली घोड्यांचे तबेले आहेत, प्रत्येक ठाणावर घोड्याच्या नावाची पाटी. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना खाली पाठवणं बंद झालं. त्याआधी हवेची दारं उघडायला अंधारात पोरं बसवायचे. वाटाड्याने सगळ्यांना दिवे विझवायला लावले तेव्हा ते कळलं. डोळ्यासमोरचा हात दिसत नाही हे इथे शब्दशः खरं आहे.

फेरी पाऊण-एक तासाची. दुपारी तीनच्या आत पोहोचा. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खाली सोडत नाहीत. महिना कोणताही असो, स्वेटर न्याच, खाली गारठा असतो.

परतीला घोळ झाला. नकाशावर ब्लायनॅव्हनला रेल्वे दिसते म्हणून भुलू नका. प्रवासी गाड्या १९६२ मध्येच बंद झाल्या, आता आहे ती पर्यटकांची छोटी गाडी, तीही ठरावीक दिवशी, आणि ॲबरगव्हेनीला जात नाही. डोंगर परत चढायची ताकद नव्हती, म्हणून टॅक्सी मागवली. चालकाने रिकामं वर यायचेही पैसे लावले आणि आठेक मैलांसाठी पस्तीस पौंड घेतले. भाडं फोनवरच ठरवा, नाहीतर एक्स २४ ने न्यूपोर्टला उतरून तिथून रेल्वे धरा. वेळ जास्त जातो, पण खिसा वाचतो.

लोखंडाचा कारखाना दुसऱ्या दिवशी पाहिला. भट्ट्या १७८९ पासूनच्या, पाण्याच्या वजनावर चालणारा उचलण्याचा मनोरा १८३९ चा. छान आहे, सपाटीवर आहे, तास-दीड तास पुरतो. रविवारी बस कमी असतात, तेवढं वेळापत्रक बघून निघा.