तांबडं फुटायच्या आधी

४ डिसेंबर

टोपलीत आज एकच अंडं. दिवाळीत रोज पाच-सहा निघायची. कोंबड्या त्याच नऊ, कोंबडा तोच, मका-बाजरीचा भरडाही तोच. आई म्हणाली, "थंडीनं आखडल्यात. आपण नाही का आखडत?"

निफाडात राहून थंडीच्या नावानं खडे फोडणं सोपं आहे. पहाटे पारा सातावर होता, शेजारच्या द्राक्षबागेत शेकोट्यांचा धूर पसरला होता. पण कोंबडीच्या अंगावर पिसांची गोधडी असते आणि आतून ती आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास. मला वाटतं तिला ऊब नाही, उजेड कमी पडतोय.

७ डिसेंबर

एवढं ज्ञान असून मूर्खपणा केलाच. परवा खुराड्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. आज सकाळी दार उघडलं तर विष्ठेचा तो नाकात झोंबणारा वास, डोळ्यांतून पाणी. कागदाला आतून थेंब लटकलेले, खालचं तूस दमट, आणि एक तलंग, म्हणजे नुकतीच अंड्यावर येणारी कोवळी कोंबडी, शिंकतेय. कोंबडीला कोरडी थंडी सोसते, दमट कोंडवाडा नाही. कागद फाडून काढला. वाऱ्याच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला फक्त गोणपाट बांधलं आणि पत्र्याखाली वीतभर फट मोकळी सोडली. जुनं तूस उपसून कोरडं टाकलं.

११ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार, घरात अंड्याचं नाव नाही. टोपलीतही नाही, त्यामुळे व्रत कुणालाच जड गेलं नाही.

बल्ब लावला. नऊ वॅटचा, पिवळसर उजेडाचा. गंमत अशी की कोंबडीला हा उजेड नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. कवटीच्या पातळ हाडातून तो आत मेंदूपर्यंत झिरपतो आणि तिथून अंडाशयाला निरोप जातो. दिवस चौदा तासांचा झाला की काम जोरात, अकरावर आला की आवराआवर. आपल्याकडे सध्या सात वाजता उगवतं, सहाला मावळतं. म्हणजे तीन तास उसने आणायचे.

ते संध्याकाळी नको, पहाटे. संध्याकाळी बल्ब फटकन गेला तर कोंबड्या दांडीवर चढायच्या आतच अंधारात अडकतात, आणि अंधारात त्यांना धड दिसत नाही. पहाटे लावला तर बल्ब विझेपर्यंत बाहेर उजाडलेलं असतं. आज सहाला सुरुवात, मग दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे, असं करत चारपर्यंत.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि त्यांनी झोपायचं कधी?"

२२ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. रात्री बॅटरी घेऊन एकेकीला दांडीवरून उचलून तपासलं. झोपेतली कोंबडी हातात येते तेव्हा अगदी शहाण्या मुलासारखी वागते. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं टेकवायची. दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे, एकच मावलं तर नाही. तिन्ही तलंगा आणि तांबडी, चौघींचं लक्षण चांगलं. तुरे लालभडक.

काळीला उचललं तर तिनं अंग चोरलं. मानेवर फुंकर मारून पाहिलं, पिसांखाली निळसर खुंट्या दाटीनं उगवलेल्या. नव्या पिसाच्या त्या खुंटीत रक्त असतं, दाबलं की दुखतं. मी अंगठा टेकवला होता नेमका तिथेच. पिसं म्हणजे जवळपास सगळं प्रथिन. जिला अंगावरचा सगळा पोशाख नव्यानं शिवायचाय, तिच्याकडे मी अंडं मागतोय. दिवाळीनंतर अंगणभर काळी पिसं उडत होती. मी ती झाडून टाकली, त्यांचा अर्थ लावला नाही.

उद्यापासून भरड्यात शेंगदाण्याची पेंड, आणि बाजारातून आणलेली थोडी सुकट. पांढरी आणि इतर दोघीही पिसं झाडताहेत. त्या चौघींना माझ्या हिशेबातून सुट्टी.

२ जानेवारी

तीन आठवडे झाले आणि आज चार अंडी! तीन छोटी, तलंगांची. श्रेय बल्बालाच देत नाही. वैशाखातली ही पिलं, पहिल्या हिवाळ्यात तलंगा तशाही थांबत नाहीत. दर उन्हाळ्यात दोन-तीन पिलं राखायची ही आईची जुनी पद्धत, आणि मी तिला उगाच खर्च म्हणायचो.

तक्रारही आली. चारला बल्ब लागतो आणि सव्वाचारला कोंबडा आरवतो. शेजारचे नाना कुंपणावरून म्हणाले, "अरे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे ऐकलं होतं. तू तर तांबडंच घरी फोडायला लागलास." त्यांना दोन अंडी दिली. उद्या काय म्हणतात बघू.

आणखी एक. सकाळी कोमट पाणी द्यायला लागल्यापासून पितात नीट. थंडगार पाण्याला नुसती चोच लावून बाजूला व्हायच्या. अंड्यात चारातले तीन हिस्से पाणीच असतं, प्यायल्या नाहीत तर येणार कुठून?

८ जानेवारी

आज माझ्या वहीची अब्रू गेली. दुपारी कडब्याच्या गंजीमागून कॉक-कॉक-कॉकाट असा गजर ऐकू आला. वाकून पाहिलं तर नववी कोंबडी, कवडी, ऐटीत बाहेर येत होती आणि आत गवताच्या खळग्यात सात अंडी. म्हणजे जिला मी 'बंद' लिहीत होतो, ती रोजच्यासारखी चालू होती, फक्त पत्ता बदलून.

बादलीभर पाण्यात एकेक सोडलं. पाच तळाशी आडवी पडली, एक उभं राहिलं, एक वर तरंगलं. तरंगलेलं लांब नेऊन पुरलं. एक खूण करून खळग्यात परत ठेवावं असं मनात होतं, पण मग ती तिथेच खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसेल. त्यापेक्षा खुराड्यातल्या पाटीत ठेवलं आणि उद्यापासून दहापर्यंत दार उघडायचं नाही असं ठरवलं. बहुतेक जणी तोवर मोकळ्या होतात.

आई हसली नाही. "गंजीत घालते ते मला माहीत होतं," म्हणाली. मग सांगितलं का नाहीस? "तू विचारलंस कुठं? तू बल्बाला विचारत होतास."

१३ जानेवारी, भोगी

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं-गाजर-पावट्याची भाजी. आईनं मूठभर तीळ अंगणात उधळले. काळी सगळ्यांत आधी पोचली. नवी पिसं अंगभर आलीत, उन्हात हिरवट चमकतात, पण तुरा अजून फिका. मी तिच्याकडे बघतोय हे पाहून आई म्हणाली, "ती नाही आत्ता. होळीला बघ."

आज पाच अंडी. बल्ब आता मध्येच बंद करता येणार नाही, नाहीतर तलंगाही अचानक पिसं झाडायच्या. दिवस पुरेसा मोठा होईपर्यंत चालू ठेवावा लागेल.

दुपारी दोन तास लाइट गेली होती, म्हणजे बल्बाचा टायमर तेवढाच मागे पडला असणार. झोपायच्या आधी जाऊन तो दोन तास पुढे सरकवून आलो.