मामाजींची डायरी, माझ्या अक्षरात

२५ मे २०२४, शनिवार

आज नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला आणि मामाजी स्वतःच्या चष्म्यावर बसले. दोन्ही गोष्टी सकाळी साडेनऊच्या आत उरकल्या.

चष्मा खाटेवर कोणी ठेवला, याची अर्धा तास चौकशी चालली. आधी मांजरावर आळ आला, मग माझ्या पोरावर, मग कूलरवर. कूलरचा काय संबंध म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या हवेनं सरकला असंन ना वं." फ्रेमचे दोन तुकडे आणि डाव्या काचेवर कोळ्याचं जाळं. आमचे हे दुपारी कामानं यवतमाळला जाणारच होते, तुकडे पिशवीत घालून घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, आठ दिवस लागतील.

आता खरी पंचाईत डायरीची. मामाजी रोज रात्री जेवण झालं की डायरी लिहितात. १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापसाची बैलबंडी घेऊन केंद्राबाहेर दोन-दोन दिवस मुक्काम पडायचा, तेव्हा वेळ जावा म्हणून मामाजी लिहायला लागले. खरेदी कधीची बंद झाली, लिहिणं सुरूच आहे. लोखंडी पेटीत ५२ डायऱ्या आहेत, त्रेपन्नावी उशीखाली असते. बहुतेक कृषी केंद्रातून फुकट मिळालेल्या, प्रत्येक पानाच्या तळाला खताच्या पोत्याची जाहिरात. एकदा पेटी झाडताना मी १९७८ ची उघडली होती. आमच्या ह्यांचा जन्म त्यात असा नोंदवलेला आहे : "म्हैस व्याली, पारडी. दुपारी मुलगा झाला. दोघी ठीक."

तर आज रात्री हाक आली. "सूनबाई, ये. मी सांगतो, तू लिही."

बसले पेन घेऊन.

"वारा पश्चिमेचा. गाय साडेतीन लिटर. चष्मा मांजरानं फोडला."

लिहिलं.

"दुपारी वांग्याची भाजी. वांगं कच्चं होतं. बोललो नाही."

माझं पेन थांबलं. "मामाजी, आता बोललेच ना तुम्ही."

"तुह्याशी कुठी बोलून रायलो? डायरीशी बोलून रायलो. लिही."

मी लिहिलं, "वांगं झकास झालं होतं." बिनचष्म्याच्या माणसाला काय कळणार?

शेवटी म्हणाले, "आता खाली, त्या पोत्याच्या बाजूले लिही, १७."

"काय सतरा?"

"नुसतं लिही ना बाप्पा."

लिहिलं. आणि पोराच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं फाडून ही माझी रोजनिशी सुरू केली. माझ्याच हातानं माझ्या तक्रारी लिहायच्या असतील, तर दुसरी बाजूही कुठेतरी असलेली बरी.

२६ मे, रविवार

पहाटे चारला उठून गव्हाचा चीक शिजवला. उन्हं चढायच्या आत गच्चीवर तीन धोतरं भरून कुरोड्या घातल्या. राखणीला मामाजी. खरं तर ते राखणीला बसत नाहीत, चिकाला बसतात. कच्चं तेल आणि तिखट घालून दोन वाट्या चीक पोटात गेला, तेव्हा काठी हातात घेतली.

मी खाली आंबे पिळत होते. वरून "हाड! हाड!" सुरू झालं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग काठी आपटल्याचा आवाज, मग चप्पल पडल्याचा. वर जाऊन पाहते तर कठड्याला टेकवलेल्या माझ्या काळ्या छत्रीशी मामाजींची लढाई जुंपलेली. छत्री काही उडायला तयार नव्हती. "लय निगरगट्ट कावया हाय," म्हणाले. आणि त्यांच्या पाठीमागे खरा कावळा तिसऱ्या धोतरावर आरामात जेवत होता. कुरोडी ओली असते ना, त्यामुळे त्याला एकेक उचलून न्यायचीही गरज नव्हती. पंगतच बसली होती त्याची, एकट्याची.

रात्री सांगितलं, "कावळा १ आला. हाकलला." मी लिहिलं, "छत्री १."

खाली १८.

२७ मे, सोमवार

अकोल्यात उन्हामुळे १४४ कलम लावल्याची बातमी मी पेपरातून वाचून दाखवली. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. कोचिंग क्लासच्या वेळा, कामगारांना सावली-पाणी, सगळं. मग म्हणाले, "म्हंजे आता किरणं चार-चारनंच येतीन." आणि कूस बदलली.

कूलरबद्दल लिहायलाच हवं. मामाजींच्या मते कूलरनं हाडं धरतात, सर्दी होते, माणूस नाजूक होतो आणि पाणी वाया जातं. नळ तिसऱ्या दिवशी येतो, कूलर रोज सहा बादल्या पितो, ही त्यांची कायमची तक्रार. आणि ८ मेपासून त्या कूलरचं तोंड थेट त्यांच्या खाटेकडे आहे. आम्ही सगळे त्यांच्या पलीकडे झोपतो, म्हणजे आमच्यापर्यंत जी हवा येते ती मामाजींना वळसा घालून येते, सोबत त्यांच्या घोरण्याचा आवाज घेऊन. रात्री दोनला कोणी बंद केला, तर लगेच आवाज : "कोनं बंद केला रे?" जो माणूस दारात उभ्या असलेल्या वसुलीवाल्याची हाक ऐकत नाही, त्याला कूलर थांबल्याचं गाढ झोपेत ऐकू येतं.

पाणी भरायचं मात्र स्वतःच. रबरी स्लिपर घालून, आधी उलट्या हातानं पत्र्याला हलकेच टोकून, करंट नाही ना बघून. या भागात लहान पोरालाही हे शिकवलेलं असतं. पण मामाजी टोकतात ते असं, जसं काही आत कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही.

१९.

२८ मे, मंगळवार

सरकीची पाकिटं आली का ते पाहायला दारव्ह्याला जायचं म्हणाले. चष्मा नाही, ऊन हे असं. नको म्हटलं, तर शेला डोक्याला बांधून आणि खिशात कांदा टाकून दारात उभे. शेवटी मीच निघाले सोबत.

ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून मामाजींचं वय वाढायचं थांबून उत्साह वाढलाय. नुसता चहा प्यायला दारव्हा. दाढी करायला दिग्रस. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो, ते डायरीत चिकटवतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ७४ च्या, मी ४३ ची, आम्हाला बायकांचं अर्धं तिकीट. एरवी आई सोबत असल्या की बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, "हिचं अर्धं, माह्यं पुरं फुकट!" लग्नात हुंडा नाही मिळाला, तो आता सरकारनं दिल्यासारखा चेहरा असतो. आज ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि कंडक्टरला नुसतंच म्हणाले, "ही सून हाय माही."

कृषी केंद्रात पाकीट ८६४ रुपयांचं, आत ४७५ ग्रॅम बी. मामाजींनी पाकीट नाकाजवळ नेऊन हुंगलं. "आमच्या वेळी सरकी घरचीच राये. शेणात घोयली की झालं." दुकानातल्या पोरानं मान डोलावली. तो हे दर वर्षी ऐकतो.

येताना मोतीबाग स्टेशनाकडे बोट दाखवून झालंच. शकुंतला रेल्वे. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, अरुंद रूळ. १९६९ मध्ये आईंना कारंज्याहून वऱ्हाडासकट याच गाडीनं आणलं. गाडी इतकी सावकाश की म्हणे नवरदेवानं उतरून शेतातून हरभरा उपटला आणि पुढच्या डब्यात चढला. आईंना विचारलं तर त्या म्हणतात, हरभरा नव्हता, वाटाणा होता, आणि उतरला तो यांचा भाऊ. ५५ वर्षं झाली, यावर समझोता नाही. पेटीतल्या १९९४ च्या डायरीत एप्रिलच्या एका पानावर एवढंच आहे : "शकुंतलाचं कोळशाचं इंजिन बंद. डिझेल लागलं. धूर नाही."

तिकीट मी उलटं चिकटवलं. लक्षात नाही आलं त्यांच्या. २०.

२९ मे, बुधवार

आंबाडीची भाजी. "आंबट जास्त." मी लिहिलं, "आंबट बेताची." २१.

हा आकडा कशाचा ते आज पोरानं कॅलेंडर पुढे घेऊन शोधायला सुरुवात केली. गाय गाभण नाही. उसनवारीचे दिवस नाहीत. तो मागे मोजत मोजत ८ तारखेवर आला आणि माझ्याकडे बघून हसला. मी त्याला कांदे निवडायला पाठवलं.

३१ मे, शुक्रवार

काल नागपुरात एका यंत्रानं ५६ अंश दाखवलं. गावभर व्हॉट्सअ‍ॅप फिरलं. पारावर माणसं अशी बोलत होती की जणू नागपूर संपलंच. आज कळलं की यंत्रच बिघडलं होतं. मामाजींना सांगितलं.

"यंत्रालेबी ऊन लागलं म्हना ना. त्याच्या खिशात कांदा ठेवा लागत होता."

२३.

१ जून, शनिवार

आई ८ मेला वर्ध्याला लेकीकडे गेल्या त्या "आठ दिवसांत येते" म्हणून. तिथे नळाला रोज पाणी, नणंदेच्या घरी एसी, आणि वांगं कच्चं की पक्कं विचारणारं कोणी नाही. मी त्यांच्या जागी असते तर दिवाळीच करून आले असते.

आज संध्याकाळी त्यांचा फोन आला. उद्या येते म्हणाल्या, वाटेत यवतमाळला उतरून चष्माही घेते. मी फोन मामाजींकडे दिला. फोन अनलिमिटेड आहे हे दहा वेळा सांगितलंय, तरी ते ट्रंक कॉलच्या हिशेबानंच बोलतात. "कायले येतं एवढ्या उन्हात? राय ना आजून चार दिवस. ठेवतो." वीस सेकंद.

मग चहा घेतला. मग पोराला हाक मारली. कूलरच्या ताट्यांतला जुना घास, म्हणजे गवत, काढायला लावला, तो काळा पडून गूळ-चिंचेच्या गोळ्यासारखा झाला होता. नवा भरला. आणि कूलर ढकलला. चार इंच, पुन्हा दोन इंच, मग मागे एक. भिंतीजवळची आईंची खाट आणि त्यांची खाट, दोन्हींच्या मधोमध तोंड येईपर्यंत. मी नुसती दारात उभी राहिले.

"स्विच जवळ पडते इथून," न विचारता म्हणाले.

स्विच होता तिथेच होता, उलट आता बोर्डापर्यंत वायर ताणून लावावी लागली.

रात्री वारा, गाय, सगळं सांगितलं. कढी फिकी (मी : कढी उत्तम). खाली २४.

२ जून, रविवार

दुपारी अडीचच्या बसनं आई उतरल्या. हातात वर्ध्याचा गोरसपाक, पर्समध्ये चष्मा. मामाजी फाट्यावर घ्यायला गेले नव्हते, फक्त फाट्यावरच्या टपरीवर बारा वाजल्यापासून योगायोगानं बसले होते.

"वाळली वं तू," म्हणाले. आई स्पष्ट दोन किलो वाढलेल्या.

"तुम्हाले दिसते काय चष्म्याबिगर?" आईंनी विचारलं.

घरी आल्यावर चहा आईंनीच टाकला. चष्मा नाकावर चढवला तसं मामाजींनी आधी घड्याळ पाहिलं, मग मांजराकडे रोखून पाहिलं, मग उशीखालून डायरी काढली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागले, जी सकाळीच घासून झाली होती.

बराच वेळ काही आवाज नाही. पानं उलटल्याचा तेवढा.

मग : "सूनबाई."

"जी मामाजी."

"वांगं कवा झकास झालतं वं?"

आई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मामाजींनी लाल पेन शोधून आठही पानं तपासली, मास्तरासारखी. "छत्री १" खाली दोन रेघा मारल्या, पण खोडलं नाही. उलटं तिकीट नखानं सोडवायला गेले, ते फाटलं. मग पुढचं पान उघडून स्वतः लिहायला बसले.

रात्री पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तेव्हा डायरी उघडीच होती. दोन्ही खाटांवर सारखी हवा लागत होती आणि दोन्हीकडून घोरणं सुरू होतं. मी वाकून वाचलं.

"ही आली. गोरसपाक मऊ पडला. चहात साखर जास्त. बोललो नाही."

खाली पोतं होतं फक्त, खताचं.